देवक बसवण्याची घाई

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. धारला कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. नालछा, अमझेरा, इकडच्या तिकडच्या शेतांतून पिशव्यांत भरून माती येते, ती तपासायची आणि अहवाल लिहायचा. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादाने बरोबर नोकरी शोधली. माती अंगावर धावून येत नाही." आईला आम्ही दोघेच. धाडस सगळं त्याच्या वाट्याला गेलं, आणि त्याच्या वाट्याची भीतीही मीच घेतली असावी.

तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा आठ वर्षांचा होता, म्हणजे त्याला वाढवला मीच. शाळेत हिंदी, गल्लीत माळवी आणि घरात मराठी, अशी आमच्याकडच्या सगळ्या पोरांची खिचडी असते, तशीच त्याचीही होती. मराठी बोलायचा फर्डी, पण वाचायला दिली की घाम फुटायचा. अभ्यासात लक्ष शून्य. फुटबॉल मात्र असा खेळायचा की दुसऱ्या शाळांचे मास्तर बघायला थांबत. एकोणिसाव्या वर्षी कलकत्त्याच्या एका क्लबने त्याला करारावर घेतलं. खेळायचा पगार मिळतो हे आईला खरंच वाटेना. त्यातून हा बचावाला खेळणारा, डाव्या बाजूला.

"तू गोल तर करत नाहीस, मग पगार कशाचा देतात?" आईने विचारलं.

"मी गोल होऊ देत नाही, त्याचा."

तीन हंगाम तो तिथे खेळला. मग मालकांचा रस संपला, क्लब बंद पडला आणि हा खेळाडूंच्या भरतीतून फौजेत गेला. मी आठवडाभर नीट जेवलो नाही. ऑफिसातले सगळे मला समजावत होते, "अरे भिया, खिलाड़ी को कौन बॉर्डर पे भेजता है. खेलेगा, खाएगा, पेन्शन लेगा." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आणि खरोखर अकरा-बारा वर्षं तसंच झालं. आज बंगलोर, उद्या शिलाँग, कुठे ना कुठे स्पर्धा. गणवेशातला तो आम्ही फक्त फोटोत बघितला. आईचा फोन ठरलेला असायचा. जेवलास का, झोपलास का हे नंतर. आधी विचारायची, "टीममध्ये आहेस ना?" तो आहे म्हणाला की मग बाकीचं बोलणं.

मागच्या दिवाळीत गुडघा कायमचा बिघडला आणि त्याला संघातून काढलं. वय चौतीस. त्याने हसत हसत सांगितलं, "दादा, आता खरा फौजी झालो बघ." त्याला त्याच्या पलटणीत परत पाठवलं आणि हिवाळ्यात पलटण सीमेवर गेली. आईला मी सांगितलं की तो आता नव्या पोरांना खेळ शिकवतो. तिने ऐकून घेतलं. पण त्यानंतर "टीममध्ये आहेस ना" हा प्रश्न तिने कधी विचारला नाही, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं.

वैशाखात माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा देवासचा, घराणं आमच्यासारखंच, चार पिढ्यांपूर्वी मराठा सरदारांबरोबर आलेलं आणि मग इथलंच होऊन गेलेलं. लग्न रविवारी धारला. भावाची पंधरा दिवसांची रजा मंजूर होती. माझ्या मुलीचं आणि त्याचं फार गूळपीठ. दहाच वर्षांचं अंतर, त्यामुळे काका कमी आणि मोठा भाऊ जास्त. लग्नात कोणत्या गाण्यावर नाचायचं याचे त्यांचे फोनवर तासन् तास बेत चालायचे.

आणि मग सीमेवर पेटलं. रजा रद्द झाल्याचं त्याने दोन वाक्यांत कळवलं. "दादा, छुट्टी कॅन्सल. तुम्ही लोक शादी धूमधाम से करा, मी व्हिडिओ बघतो." त्यानंतर फोन लागेना.

ते दिवस कसे काढले, मला सांगता येणार नाही. टीव्हीवर माणसं ओरडत होती. ज्यांच्या घरचं कोणी तिकडे नाही, त्यांना भलताच उत्साह आला होता. पानाच्या दुकानावर लोक युद्ध जिंकत होते. मला वाटायचं, एकेकाच्या कानाखाली वाजवावी. वाजवली अर्थातच नाही, मान खाली घालून पुढे गेलो.

त्याच आठवड्यात व्याह्यांकडे देवासला जाऊन यावं लागलं. परतताना तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी चालत होतो आणि एकदम भोंगा सुरू झाला. युद्धाचा सराव होता, आधी जाहीरही केला होता, पण माझ्या डोक्यात तेव्हा काही राहत नव्हतं. लोक मोबाईल काढून चित्रण करत होते. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, दोन्ही कान दाबून. कचोरीवाला गाडी सोडून आला, पाण्याचा गिलास पुढे केला. "बाबूजी, प्रॅक्टिस है, प्रॅक्टिस. अपने यहाँ कुछ नहीं होने का." मला ते माहीत होतं. इथे काही होणार नाही हे माहीत होतं. जिथे होणार होतं तिथे माझा भाऊ होता.

सोमवारी दुपारी चुलते आले. वडिलांचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या पुढचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या भाऊबंदांत शास्त्राचा शेवटचा शब्द त्यांचा. चहा घेतला, मांडव कोण घालतोय विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं, "धाकट्याचा फोन कधी आला होता?"

"पाच दिवस झाले."

त्यांनी बशी खाली ठेवली. "देवक उद्याच बसवून घेऊ."

देवक आम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी बसवतो. रविवारचं लग्न आणि देवक मंगळवारी, असं कोणी करत नाही. मी म्हणालो, इतक्या लवकर कशाला. ते म्हणाले, "लग्नाच्या दहा दिवस आधीपर्यंत चालतं. शास्त्रात आहे."

आणि मला कळलं. आमच्यात एकदा देवक बसलं की मग भाऊबंदांत कोणी गेलं तरी सुतक त्या कार्याला लागत नाही. देवक उठेपर्यंत घर मंगल धरतात. मध्ये काहीही झालं तरी लग्न होऊन जातं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. माझे वडील इंदूरच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा ह्याच चुलत्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी आठ दिवस आधी देवक बसवलं. वडील लग्नाच्या दोन दिवस आधी गेले. लग्न झालं. देवक बसवलेल्या माणसाने स्मशानात जायचं नसतं, म्हणून चुलते सख्ख्या भावाला खांदा द्यायला आले नाहीत. आमच्या घरी प्रेत आणि चार घरं सोडून बुंदी पाडायचं काम चाललेलं. आठ वर्षांच्या माझ्या भावाने मला विचारलं होतं, काका का नाही आले? मी त्याला देवक म्हणजे काय ते सगळं समजावलं होतं. लहान होता, पण नीट समजून घेतलं होतं त्याने.

चुलत्यांना त्या दुपारी मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. मला भीती वाटत होती आणि भ्यालेल्या माणसाला कोणी काही करायला सांगितलं की बरं वाटतं. हॉल, पाहुणे, देवासची माणसं, मुलीचं रडणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "बसवू या."

मंगळवारी सकाळी मी आणि बायको पाटावर बसलो. सुपात तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंडं, दोऱ्याने गुंडाळलेली सुगडी. चुलत्यांनी मंत्र म्हटले, मी सांगतील तसं करत गेलो. पळीतलं पाणी सुपात न पडता मांडीवर पडलं. आई बाहेर आलीच नाही. स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. नमस्काराला तिला बोलवायला गेलो तर मान वर न करता म्हणाली, "पोरगा जिवंत आहे माझा, आणि तुम्ही दोघं तयारी करून बसलात."

मी परत पाटावर जाऊन बसलो.

दुपारी दोनच्या सुमारास अनोळखी नंबरावरून फोन आला. तो होता. आवाज मस्त, नेहमीसारखा. मला हुंदकाच आला, पण मी तो खोकल्यात घालवला.

"काय दादा, काय चाललंय? घाबरून घाबरून वजन कमी झालं की नाही?"

"तू कसा आहेस ते सांग."

"एकदम फिट. गुडघा सोडून. इथे नेटवर्कचा लफडा आहे, म्हणून फोन नाही झाला. घरी काय, मेहंदी-बिहंदी?"

"ती शुक्रवारी," मी म्हणालो, आणि आनंदाच्या भरात पुढचंही तोंडातून गेलं. "आज सकाळी देवक बसवलं."

तो गप्प झाला. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. कट झाला नव्हता. त्याच्या मागे कोणीतरी हिंदीत बोलत होतं, ते ऐकू येत होतं.

"आज?" तो म्हणाला. "लग्न तर रविवारी आहे ना."

"हो. काका म्हणाले, मुहूर्त चांगला आहे."

आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं भिकार खोटं कधी बोललो नव्हतो. तो म्हणाला, "बरं केलंस दादा." आणि लगेच, "चल, ठेवतो. मागे लाईन लागली आहे. येतो." आईला फोन द्यायचं मला सुचलंच नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत. मी फोन खाली ठेवलेला तिने बघितला आणि परत आत गेली.

त्या "बरं केलंस"ने माझे पुढचे तीन दिवस खाल्ले. मी ते शब्द सगळ्या सुरांत मनात म्हणून बघितले. रागाने म्हणाला असेल का? थट्टेने? की घाबरून? तिकडे खंदकात बसलेल्या माणसाला, त्याच्या सख्ख्या भावाने, ज्याने त्याला वाढवलं त्या भावाने सांगितलं होतं, की तू मेलास तरी आमची सोय झालेली आहे. परत फोन करून सांगावं, अरे, तसं नाही रे, असं शंभरदा वाटलं. तो नंबर लागत नव्हता. आणि लागला असता तरी "तसं नाही" हे खोटंच होतं. तसंच होतं. देवाला म्हणायचो, एवढा एक फोन लागू दे. नंतर नंतर तर गोळ्यांची भीती मागे पडली आणि त्याने काय समजलं असेल याचीच भीती धरून बसली. असा विचार करणारा माणूस काय लायकीचा, तेही समजत होतं, पण मनाला कोण समजावणार.

शुक्रवारी सकाळी दहाला मांडववाले दारात कमान बांधत होते. फोन वाजला. पलीकडच्या माणसाने अगदी हळू, जपून विचारलं, "आप उनके बड़े भाई बोल रहे हैं?" त्या विचारण्यातच सगळं आलं. आदल्या संध्याकाळी तोफेचा गोळा त्यांच्या चौकीवर पडला होता. पुढचं मी ऐकलं, हो हो म्हणालो, शनिवारी दुपारपर्यंत आणतील हे कागदावर लिहूनही घेतलं. खोटं वाटेल, पण तेवढा वेळ मला मुळीच भीती वाटत नव्हती. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. मग वर बघितलं तर समोर आई उभी होती, आणि तिला सांगायचं अजून बाकी होतं.

तो दिवस मी लिहिणार नाही.

संध्याकाळी चुलते आले. डोळे सुजलेले. त्यांचंही प्रेम होतं त्याच्यावर, हे मला सांगितलंच पाहिजे. पण बसल्यावर त्यांनी शास्त्र सांगितलं. सुतक कार्याला नाही. लग्न रविवारी होऊ शकतं, साधेपणाने, वाजंत्री नको. मुलीला त्यात अडकवू नये. आणि देवक बसलेलं असल्यामुळे मी उद्या स्मशानात जायचं नाही. अग्नी त्यांचा मुलगा देईल.

मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "काका दारात येणार आणि मी मुंडावळ्या बांधू? माझ्याच्याने नाही होणार बाबा." देवासहून व्याह्यांचा फोन आला होता. सज्जन माणूस. म्हणाले, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य.

शनिवारी सकाळी मी अंघोळ केली आणि देवकापुढे जाऊन उभा राहिलो. चुलते मागून आले. त्यांना माझं मन कळलं.

"कार्य व्हायच्या आधी देवक उठवलेलं आपल्यात कोणी ऐकलेलं नाही," ते म्हणाले.

"मला त्याला खांदा द्यायचा आहे."

"अरे, घाई करू नकोस. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे."

"घाई मंगळवारी केली काका. मला त्याचं सुतक पाहिजे."

त्यांनी हात पुढे करून सुपाला टेकवला, मला थांबवायला की आधाराला, ते मला अजून कळलेलं नाही. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "मला तेव्हा एवढं धैर्य झालं नव्हतं." मी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सूप उचललं. आई दारातून बघत होती. मंगळवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी त्याला आणलं. सगळं धार रस्त्यावर होतं. मी खांदा दिला, अग्नी दिला. मला धैर्य आलं होतं, असं सगळे म्हणाले. मलाही तसं वाटलं. त्याला माझ्याकडून जे ऐकावं लागलं होतं ते मी पुसून टाकलं, असं मी स्वतःला सांगितलं. तुझ्यासाठी लग्न थांबवलं बघ, तू आमच्यासाठी तेवढा होतास. चितेपुढे उभा राहून मी हे मनात त्याला बोललोही.

तेराव्याला त्याचा एक सोबती आला. फौजेच्या संघात गोलकीपर होता, दोघे आठ वर्षं एकत्र खेळलेले आणि गुडघ्या-खांद्यांनी दगा दिल्यावर एकाच पलटणीत परत गेलेले. त्याच्या हातालाही बँडेज होतं. धिप्पाड माणूस, पण आईपुढे बसला तो अंग चोरून. मग मीच, राहवलं नाही म्हणून, विचारलं की मंगळवारी दुपारी त्याने घरी फोन केला होता, तेव्हा तुम्ही होता का जवळ?

"मैं उसके पीछे ही खड़ा था लाइन में," तो म्हणाला.

आता मागे फिरता येत नव्हतं. "फोन के बाद कुछ बोला क्या वो?"

"हाँ भैया. बहुत हल्का हो गया था उस दिन. चार-पाँच दिन से एक ही बात पकड़ के बैठा था, कि मुझे कुछ हुआ तो बच्ची की शादी रुक जाएगी. मौत-वौत का नहीं बोलता था, बस यही. फोन रख के आया तो हँस रहा था. बोला, मेरे भैया ने ऐसी कोई पूजा कर दी है कि अब मैं रहूँ ना रहूँ, शादी नहीं रुकेगी. बोला, मेरा भाई ज़िंदगी भर डरा, और आज उसका डर मेरे काम आ गया. उस रात बढ़िया सोया वो."

घरात कोणी हललं नाही. त्याला वाटलं असावं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. त्याने आमच्याकडे बघितलं, आणि विषय जरा चांगल्याकडे न्यावा म्हणून विचारलं, "शादी कैसी हुई, भैया?"

मी आईकडे बघितलं.

"अच्छी हुई बेटा," आई म्हणाली. "जैसा वो बोला था, वैसी ही हुई."

माझी मुलगी आतून त्याच्यासाठी ताट घेऊन येत होती. तिने ते ऐकलं आणि उंबऱ्यातच थांबली. ताट बाजूला ठेवून तिने, मंगळसूत्र नसलेला गळा पुरता झाकला जाईल अशी ओढणी लपेटून घेतली, आणि मग ताट उचलून पाहुण्याला वाढायला आली.